पऱ्हाटीच्या टोकावर

सकाळी सहाच्या सुमारास संडासाची कडी आतून लागली की प्रभावतीचा चहा कडू व्हायचा. तासाभरानं ती कडी निघाली की उरलेला चहा मोरीत ओतावासा वाटायचा, कारण बाबाराव बाहेर आले की हात धुण्याआधी बातमी द्यायचे.

"आज बी नाही झालं."

नाही तर, "झालं, पन बकरीच्या लेंड्यांवानी." नाही तर चेहऱ्यावर मोठं समाधान आणून, "आज जरासक मोकळं वाटून राह्यलं."

राजूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ही बातमी ऐकायला प्रभावतीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मुलगा रोशन नागपूरला नोकरीला. तो फोनवर पाच मिनिटं ऐकायचा आणि "बाबा, डॉक्टरले दाखवा" म्हणून सुटायचा. प्रभावतीला सुटका नव्हती. त्यात तिचं नाक मुळातच तिखट. बसमध्ये बसली की पदर नाकाला, बाजारात मासळीच्या रांगेवरून जाताना पदर नाकाला, शेजारणीच्या लेकराचं बाळोतं वाळत घातलेलं दिसलं तरी पदर नाकाला. रोशन लहान असताना त्याचंही तिनं श्वास रोखून, तोंड फिरवून केलं. विहारातल्या बाया म्हणायच्या, प्रभावतीबाईचा पदर डोक्यावर कमी आणि नाकावर जास्त असते.

आणि अशा बाईच्या वाट्याला हे पोट आलं होतं.

बाबारावांनी बत्तीस वर्षं जमिनीखाली कोळसा काढला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर माणसं चार एकर जमीन घेतात, विहाराच्या ओट्यावर बसतात, निवडणुकीवरून एकमेकांची गचांडी धरतात. बाबाराव आपल्या पोटाच्या मागे लागले. टीव्हीशेजारच्या फळीवर बरण्यांची रांग लागली: त्रिफळा, हिरड्याची पूड, भाजलेल्या जवसाची भुकटी, वाळवलेला बेलाचा गर, भिजून फुगलेले मनुके आणि एरंडेलाची तेलकट बाटली. त्या बाटलीचं झाकण उघडलं की अख्ख्या घराला आजाऱ्याच्या खोलीचा वास यायचा. बाबासाहेबांच्या फोटोखालची फळी तेवढी तिनं भांडून मोकळी ठेवली होती.

फोनवर एक गुळगुळीत तोंडाचा माणूस रोज सकाळी आतड्यांवर बोलायचा. त्याच्याकडून बाबारावांनी 'फायबर' हा शब्द उचलला आणि तो त्यांना इतका आवडला की भाजीवालीपुढे उकिडवे बसून ते एकेक जुडी उचलायचे, "याच्यात फायबर हाय काय, बाई?" प्रभावती चार पावलं पुढे निघून जायची, जसं काही हा माणूस तिच्या ओळखीचाच नाही. कणीक चाळून उरलेला कोंडा ती वर्षानुवर्षं शेजारच्या बकरीला घालायची. तो आता ताकात कालवून बाबाराव खायला लागले. बकरी सवयीनं दाराशी यायची, त्यांच्या हातातल्या वाटीकडं बघत उभी राहायची, आणि प्रभावतीला दोघांचीही तोंडं बघवायची नाहीत.

पण या सगळ्यांवर कडी केली इसबगोलानं.

ते चार चमचे वाटीत घ्यायचे आणि वरून घोटभर पाणी टाकायचे. बघता बघता तो भुसा फुगायचा, गिळगिळीत व्हायचा, सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतं तसा. चमचा वर उचलला की तार यायची. ती तार बाबाराव जिभेनं तोडायचे. मग घशातून एक आवाज यायचा, गिळल्याचा, आणि प्रभावती पदर नाकाला लावून परसात निघून जायची.

पाकिटावर लिहिलं होतं, एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात, आणि वरून आणखी एक पेला पाणी. तिनं एकदा वाचूनही दाखवलं. बाबाराव म्हणाले, "पान्यानंच पोट भरलं तं दवाई कुठं जाईन?" पाण्याचं त्यांचं असंच होतं. जेवताना दोन घोट, शुगरची गोळी घेताना एक घोट. उन्हाळ्यातसुद्धा माठाला हात नाही. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात असल्या नवऱ्याबद्दल कुठली बायको तक्रार करेल? उलट ती शेजारणींना सांगायची, आमच्या इकडे पान्याचा खर्च नाही.

चार चमच्यांचे सहा झाले. सकाळचे होते ते संध्याकाळीही सुरू झाले.

प्रभावतीकडं आणखी एक गोष्ट होती, जी ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायची. सांगायची म्हणजे नक्कल करून, उभी राहून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची. पहिल्या पाळीत बाबारावांना खाली खाणीत जुलाब लागले. खाली माणसं काम संपलेल्या जुन्या गल्लीत कोपरा धरायची आणि वरून कोळशाची भुकटी लोटायची. बाबारावांना त्या कोपऱ्यापर्यंत पोचणं जमलं नाही. पाळी संपेपर्यंत तसेच राहिले आणि भरल्या पँटीनं सायकल हाणत घरी आले. प्रभावती एकोणीस वर्षांची होती. तिनं दारातूनच किंचाळून त्यांना थांबवलं, अंगणात उभं केलं आणि लांबून बादली फेकली. मग चुलीसाठी आणलेल्या पऱ्हाट्यांमधली सगळ्यात लांब पऱ्हाटी काढली, कापसाची ती वाळलेली काठी, आणि तिच्या टोकावर ती पँट उचलली. हात लांब, पदर नाकाला, अशी ती कामगारांच्या घरांच्या सगळ्या लाईनीतून चालत गेली आणि पँट पऱ्हाटीसकट नाल्यात टाकून आली. बाया दारादारात येऊन हसल्या. पुढे आठ दिवस तिनं त्यांचं ताट वेगळं ठेवलं. वेगळं ताट म्हणजे काय असतं ते त्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या सासऱ्यानं आणि त्याच्या बापानं ते गावात सोसलं होतं. पण शिसारी आली की माणसाला असलं काही आठवत नाही, आणि प्रभावतीला तर अजूनही आठवलं नव्हतं.

गोष्ट संपली की सगळे पोट धरून हसायचे. बाबाराव तर सगळ्यांच्या आधी हसायचे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी बातमी आली नाही. बाबाराव बाहेर आले, हात धुतले आणि गप्प बसले. प्रभावतीला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मंगळवारीही गप्प. संध्याकाळी त्यांनी आठ चमचे इसबगोल घेतलं, एवढं तिनं पाहिलं, तेही कडेनं. बुधवारी सकाळी ते उठलेच नाहीत. पोट टमटमीत फुगून दगडासारखं झालं होतं, वारा सरत नव्हता, आणि दहाच्या सुमारास त्यांना हिरवी, कडू वासाची उलटी झाली. ती पुसताना प्रभावतीनं डोळे मिटून घेतले होते. त्यामुळे निम्मी तशीच राहिली.

तेवढ्यात लालसिंग आला. तांड्यावरचा हा माणूस खाणीत बाबारावांच्या बरोबरीनं उतरला आणि बरोबरीनं निवृत्त झाला. आता ऑटो चालवायचा. मित्राचं पोट धरलं हे त्याला फोनवर कळलं होतं, म्हणून बहाव्याच्या हातहातभर लांब काळ्या शेंगा पिशवीत घालून घेऊन आला होता. "याचा गर चाटवू, वयनी. सायंकाळपर्यंत मोकळा होते का नाही पाहा," असं म्हणत तो आत आला, बाबारावांच्या पोटावर हात ठेवला आणि पिशवी बाजूला ठेवून म्हणाला, "चाल, उठ बे. वणीले जाऊ."

वणीच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोटाचा फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरला.

"इसबगोल किती पाण्यात घेत होते?"

"वाटीत, घोटभर पान्यात," प्रभावती म्हणाली.

"म्हणून खाली दगड बसलाय. ते औषध पाणी पिऊन फुगतं. पाणीच दिलं नाही तर असलेलं पाणी शोषून घेतं आणि गच्च होतं. फायबर खा म्हणतात ते खरं आहे, पण पाणी कोण पिणार?" लालसिंगनं पिशवीतली शेंग हळूच वर काढली, तसे डॉक्टर त्याच्यावर खेकसले, "आता वरून काहीही द्यायचं नाही. आतडं फुटेल." मग प्रभावतीकडं वळून त्यांनी सरळ सांगितलं, "संध्याकाळपर्यंत खालून मोकळं झालं तर ठीक. नाही झालं तर नागपूर, आणि पोट उघडावं लागेल. त्यांना साखर आहे, वय आहे. उघडल्यावर काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही."

दुपारचा एक वाजला होता.

संगीता सिस्टर पन्नाशीची, रुंद हाताची बाई होती. तिनं पडदा ओढला, दोनदा एनिमा दिला. दोन्ही वेळा पाणी गेलं तसंच परत आलं. मग तिनं हातमोजे चढवले आणि सांगितलं की आता बोटानं काढावं लागेल. बाबारावांनी भिंतीकडं तोंड केलं. प्रभावती कोपऱ्यात उभी होती, पदराची दुहेरी घडी नाकावर दाबून, आणि तरी वास तिच्या घशात उतरत होता. औषधाचा, साबणाच्या पाण्याचा, आणि त्याखालचा तो तिसरा. बाबाराव काही केल्या सैल पडेनात.

"काका, ढिलं सोडा," संगीता सिस्टर म्हणाली. "असं आवळून धरलं तं मी काय करू?"

बाबाराव भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "हिले बाहेर न्या आधी."

प्रभावती बाहेर गेली. सांगितल्याबरोबर गेली, आणि दार लागल्यावर तिनं छातीभर श्वास घेतला. नवरा आत मरणाच्या दारात आणि आपल्याला बाहेरची हवा गोड लागते, हे तिच्या लक्षात आलं, तरी तिनं दुसराही श्वास घेतला.

बाकावर लालसिंग बसला होता, शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन. कुणावर तरी राग काढायचा म्हणून ती त्याच्यावर घसरली.

"पाकीट वाचून बी दाखवलं, भाऊ, पेलाभर पानी पे म्हून. या मानसाले पान्याचं काय वाकडं हाय कोन जाने. जनमभर असाच."

लालसिंग पिशवीची गाठ सोडायचा, पुन्हा बांधायचा. "जनमभर नाही, वयनी."

"म्हंजे?"

"तुमाले खरंच ठावूक नाही?"

"काय ठावूक नाही?"

"थ्या पँटीपासून." लालसिंग खाली बघून बोलत होता. "थ्या दिवसापासून थो पाळीवर येन्याआधी पानी पेला नाही. खाली उतरल्यावर बी थेंब नाही. उन्हायात तिथं भट्टीवानी गरमी, आमी मानसं लिटर-लिटर पेत होतो. मी म्हनलं, मरशीन ना बे. तं म्हने, पोटात गेलंच नाही तं निंगनारच नाही. भाकर बी त्याच्यासाठीच सोडली. भाकरीनं जास्त होते, भातानं कमी होते म्हने. आन आलीच तं दाबून धरे. बत्तीस वर्ष, वयनी. मंग थे पोट आता कसं चालीन?"

प्रभावतीला आधी हे खोटंच वाटलं. तिच्याकडं पुरावा होता. "पन मी तं रोज बाटली भरून देत होती. रोज रिकामी वापस येत होती."

"थे मी पेलो," लालसिंग म्हणाला. "बत्तीस वर्ष तुमच्या हातचं पानी मी पेलो, वयनी. थो म्हने, भरलेली वापस नेली तं प्रभा इचारीन."

ती बाकावर बसली. बत्तीस वर्षं पहाटे चारला उठून तिनं ती बाटली घासली होती, भरली होती, उन्हाळ्यात तिला ओलं फडकं गुंडाळलं होतं. भाकर नको, भात दे म्हणाले तेव्हा तिनं विहारात मिरवलं होतं की आमच्या मालकाची जीभ आता साहेबाची झाली. आणि प्रत्येक लग्नात ती उभी राहून पऱ्हाटी कशी धरली ते करून दाखवायची, तेव्हा हा माणूस सगळ्यांच्या आधी हसायचा. तिला शिसारी आली. सवयीनं पदर नाकाशी गेला, पण या शिसारीला नाक झाकून काही उपयोग नव्हता. आपलाच हात नाकाशी नेलेला बघून तिला त्या हाताचीही किळस आली.

"मले काहून नाही सांगतलं तुमी?" तिनं विचारलं.

"त्यानं शपथ घातली होती," लालसिंग म्हणाला. "आन तुमी गोष्ट इतकी झाक सांगत होत्या ना."

ती उठली आणि दार उघडून आत गेली. बाबाराव एका कुशीवर पडले होते, कपाळावर घाम, दातावर दात. संगीता सिस्टरनं मान हलवली. काही झालं नव्हतं.

"तू कायले आली?" बाबाराव म्हणाले. "जाय बाहेर. इथं घान हाय."

प्रभावतीनं पदर नाकावरून काढला आणि कमरेला घट्ट खोचला. वास एकदम अंगावर आला. ती खाटेजवळ गेली. "सोडा आता," ती म्हणाली. "मी हाय."

"तू हायेस म्हनून तं होऊन नाही राह्यलं."

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की संगीता सिस्टरनं उगाच ट्रेमधल्या वस्तू इकडच्या तिकडं केल्या. प्रभावतीला वाटलं होतं की निदान भांडतील. ते भांडले नाहीत. ती म्हणाली, "बाई, मले बी मोजे दे. काय धरायचं थे सांग."

"काकू, तुमाले जमनार नाही. पदर लावूनच बाहेर गेल्या तुमी."

"दे म्हनते ना."

संगीता सिस्टरनं तिला मोजे चढवायला लावले, हातात बेडपॅन दिला आणि कुठं धरायचा ते दाखवलं. धरायला वाकावं लागत होतं, तोंड अगदी जवळ न्यावं लागत होतं. बाबाराव मान वळवून तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिचा हात नाकाशी कधी जातो याची वाट बघत होते, हे तिला कळलं. दोन्ही हात पॅनला होते. तिनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि मग तेही सोडून नाकानं घेतला, कारण त्यांना ते दिसत होतं.

संगीता सिस्टर जेलीचं बोट घालून हळूहळू काम करत होती. "सोडा, काका. आता एवढं... हां." पहिला खडा पॅनमध्ये पडला तेव्हा टण्णकन आवाज झाला. काळा, कोळशाच्या गोट्यासारखा. मग दुसरा. मग तिसऱ्याबरोबर कसलासा चिकट, राखी लगदा आला, त्याला तार होती. ती तार बघून प्रभावतीच्या पोटातलं सगळं वर आलं. तिनं पॅन सिस्टरकडं दिला, दोन पावलांवरच्या बेसिनमध्ये भडाभडा ओकली, तोंड धुतलं आणि परत येऊन पॅन हातात घेतला.

"पाह्य," बाबाराव म्हणाले. "ओकली ना."

"ओकली तं ओकली. तुमी थांबू नोका."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. कपाळाची शीर हळूहळू खाली बसली, आवळलेली मूठ चादरीवर उघडली, आणि त्यांनी सोडलं. ते जे आलं ते सांगण्यासारखं नाही. पॅन भरला, चादर भरली, लुंगी भरली, प्रभावतीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ गेला. वास असा की पडद्यापलीकडच्या पेशंटनं खिडकी उघडायला सांगितली. प्रभावतीला किळस आली, पोट भरून आली, आयुष्यात आली नव्हती इतकी आली. ती तशीच उभी राहिली.

चार वाजता डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ पडलं होतं. पुन्हा फोटो काढला. "नागपूर नको आता," ते म्हणाले. "थोडं थोडं पाणी सुरू करा. यापुढे दिवसाला आठ-दहा पेले. भाकरी, भाजी, फळं, काय ते खा, पण पाण्याशिवाय नाही. आणि चमच्यांचे प्रयोग बंद."

लालसिंग बाहेरून पाणी घेऊन आला. प्रभावतीनं पेला भरून बाबारावांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं दोन घोट घेतले आणि पेला परत पुढे केला. तिनं तो घेतला नाही. बराच वेळ पेला तसाच दोघांच्या मध्ये राहिला. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि संपवला. लालसिंग दाराशी उभा राहून हे बघत होता. मग तो ऑटोकडं निघून गेला.

संगीता सिस्टरनं चादर काढून नेली. खाली फरशीवर बाबारावांची लुंगी पडली होती. "काकू, थे पिवळ्या थैलीत टाकून द्या. धुन्यासारखी नाही राह्यली," ती जाता जाता म्हणाली.

प्रभावतीचे मोजे केव्हाच काढून झाले होते. ती लुंगीशी वाकली.

"प्रभा," बाबाराव म्हणाले. डोळे मिटलेले होते, तिला वाटलं होतं की झोपले.

"काय?"

"हातानं नोको उचलू. एखादी पऱ्हाटी पाह्य ना."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तिची काळजी वाटत होती, आणि ते प्रभावतीला कळलं.

"इथं कुठून येईन पऱ्हाटी," ती म्हणाली, आणि लुंगी दोन्ही हातांनी गोळा करून नळाकडं निघाली.